फिर्मांची बायको

अंगुलेम, १४ नोव्हेंबर

प्रिय लोइक,

नमस्कार. समुद्र अजून जागेवर आहे ना? आणि तुझा डावा गुडघा? माझं म्हणशील तर तब्येत उत्तम, म्हणजे डॉक्टर नुसती मान हलवतात, बोलत काही नाहीत. उजव्या हाताचा अंगठा रोज सकाळी अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, मग तो कामावर रुजू होतो. छत्तीस वर्षं कुंचला धरल्यावर एवढे लाड मागायचा त्याला हक्कच आहे.

पत्रास कारण की आपल्याला बक्षीस मिळालंय. 'आपल्याला' म्हणजे तुला. जानेवारीच्या चित्रकथांच्या मेळ्यात सर्वोत्तम संहितेचं बक्षीस आपल्या कालव्यातल्या नावाड्याच्या, 'पडाववाला फिर्मां'च्या, एकविसाव्या अल्बमला जाहीर होणार आहे. अजून गुपित आहे, म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. काल आपल्या संपादिका मादाम कास्तेल यांचा फोन आला. (त्या अजून निवृत्त झालेल्या नाहीत. त्यांच्याआधी बहुधा प्रकाशनसंस्था निवृत्त होईल.) परीक्षकांचा अभिप्राय त्यांनी मला वाचून दाखवला. लेखकाच्या लेखणीला या वयात नवी पालवी फुटली आहे, संवादांना धार आहे, कालव्याच्या पाण्यासारखी कथा वाहते, वगैरे. मी विचारलं, चित्रांबद्दल काही आहे का.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "विश्वासू आहेत, असं म्हटलंय."

विश्वासू. म्हाताऱ्या कुत्र्याला चारचौघांत आणखी काय म्हणणार?

गंमत तुला समजली असेलच. वीस वर्षं हेच लोक लिहीत होते की त्रेगेरच्या, म्हणजे तुझ्या, कथा आहेत म्हणून द्युबस्कची, म्हणजे माझी, चित्रं चालतात. मग मी कथाही लिहायला लागलो, तर म्हणतात त्रेगेर सुधारला, द्युबस्क थकला. माझ्या बापाच्या खाटकाच्या दुकानात मी पाटीवर खडूनं सॉसेज काढायचो, तेव्हाही गिऱ्हाइकं म्हणायची, सॉसेज छान आहेत हो, पण पाटी वाकडी लागलीय.

ते असो. गेले सात अल्बम कुणी लिहिले ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तिसऱ्याला कळायची गरज नाही. तुझी एलियान गेली, तुझी लेखणी थांबली. मी तुझं नाव मुखपृष्ठावर जिथं होतं तिथंच, माझ्या नावाच्या वर, राहू दिलं आणि गाडं ओढलं. मित्रानं मित्रासाठी करायचं तेच केलं. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. आताही नको.

फक्त एक कर. ३१ जानेवारीला ये. दोन मिनिटं मंचावर उभं राहायचं, आभार मानायचे, विणकाम करणाऱ्या बाईसारखं खाली बघत हसायचं. तुला ते छान जमतं. रात्री माझ्याकडे मसुराचं कालवण आणि थंडगार पिनोची बाटली. एलियानच्या दफनाच्या वेळी मला यायला जमलं नाही, रेल्वेचा संप होता, ते तुला माहीतच आहे. पण यंदा गाड्या चालू आहेत.

वाट पाहतो.

तुझा जुना,
फ्लोरां


अंगुलेम, ९ डिसेंबर

प्रिय लोइक,

तुझं कार्ड पोचलं. वर सार्डिनच्या डब्याचं चित्र, मागे तीन वाक्यं. 'मी येणार नाही. ते मी लिहिलेलं नाही. चौदावाही नाही.'

तू कायमच कमी लिहायचास. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर आपल्याला पहिल्यांदा एकत्र जुंपलं तेव्हाही तू मला आठ चौकटींत चार शब्द दिले होतेस आणि मी चिडलो होतो की या किनाऱ्यावरच्या ब्रेतॉन माणसाला शब्द परवडत नाहीत की काय. नंतर लोक म्हणायला लागले, द्युबस्कच्या चित्रांना श्वास घेता येतो. माझ्या सात अल्बमांत बघ, फिर्मां सारखा बोलत असतो. पडाव हाकतो आणि बोलतो, बायकोशी बोलतो, ती नसली तर कुत्र्याशी बोलतो. परीक्षकांना तीच धार वाटली.

पण चौदाव्याचं तू का काढलंस?

बरं, काढलंस तर सांगतो. त्यात फिर्मांची बायको लूस मरते असं तू लिहिलं होतंस. शेवटची अकरा पानं. मला ती फार आवडली होती. पण मादाम कास्तेलनी हट्ट धरला. म्हणाल्या, लूस मेली की मालिका मेली, नाताळच्या तोंडावर लोक आपल्या नातवंडांना हे देणार का? मग काय करतोस. सायकलवरून डॉक्टर आणला. कुत्र्यानं त्याची पिशवी पळवली, त्यात इंजेक्शनाऐवजी जेवणाचा डबा निघाला, लूस वाचली, सगळे हसले. त्या अल्बमच्या दीड लाख प्रती गेल्या. तुला आधी कळवायला हवं होतं हे मान्य. पण तू तेव्हा त्या अवस्थेत होतास, तुला कशाला त्रास द्यायचा, असा विचार केला. माझा उद्देश चांगलाच होता.

गेल्या शनिवारी लिमोजला एका पुस्तकाच्या दुकानात सह्यांसाठी बसलो होतो. बसलो म्हणजे नेहमीचंच. अल्बम विकत घ्यायचा, रांगेत उभं राहायचं आणि मग द्युबस्कनं पहिल्या कोऱ्या पानावर फुकट चित्र काढून द्यायचं. या देशात डॉक्टर फुकट तपासत नाही, न्हावी फुकट मिशी कापत नाही, पण चित्रकारानं सहा तास चित्रं काढली नाहीत तर तो गर्विष्ठ. तो घडीचं स्टूल घेऊन येणारा इसम आठवतो? पोटाशी पिशवी, पिशवीत सगळे अल्बम प्लास्टिकमध्ये. तो अजून येतो. मी सवयीनं लूस काढायला घेतली तर म्हणाला, "बाई नको, कुत्रा काढा. बाई आहे माझ्याकडे."

"घरी?" मी विचारलं.

"घरी कशाला? सोळाव्या अल्बममध्ये."

दुकानदारीणबाई हसून कोलमडल्या. मीही हसलो. कुत्रा काढला. चांगला आला नाही, पण त्यानं तो बाळाला धरावं तसा वाळेपर्यंत आडवा धरला.

हे सगळं तुला का सांगतोय? तू विचारलेलंही नाहीस. मुळात तू काहीच विचारलेलं नाहीस.

मी वर्कशॉपमधून लिहितोय. सोबतची तीन पोरं काचेच्या पाटीवर चित्रं काढतात, शाईचा डाग म्हणजे काय हे त्यांना संग्रहालयात जाऊन बघावं लागेल. त्यांतली इनेस आत्ता म्हणाली, "आजोबा, एका पत्राला चार दिवस? पान रंगवायला तुम्हाला दोन लागतात." मी सांगितलं की पानाचे पैसे मिळतात. मग मी अंगठ्याचं निमित्त केलं.

तेच तुलाही सांगतो. अंगठा दुखतोय. इथंच थांबतो. येण्याचा विचार मात्र कर.

फ्लोरां


अंगुलेम, २३ जानेवारी

लोइक,

बाहेर तंबू ठोकताहेत. आठवड्यानं मेळा. बेकरीत जानेवारीच्या सणाचे शेवटचे गालेत केक उरलेत, पालिकेनं दिव्याच्या खांबांवर चित्रकथांतली माणसं टांगलीत, आणि यंदा माझा फिर्मां स्टेशनासमोर लटकतोय. वाऱ्यानं उलटा होतो. मी मुद्दाम पलीकडच्या रस्त्यानं जातो.

मागच्या पत्रात मादाम कास्तेलवर जे ढकललं ते खोटं आहे. त्यांनी ती अकरा पानं पाहिलेलीच नाहीत. मी त्यांना दाखवलीच नाहीत. तुझं पाकीट आलं, मी वाचलं, टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं आणि त्याच दुपारी सायकलवरचा डॉक्टर काढायला बसलो. कुणीही हट्ट धरला नव्हता. बारा वर्षं मी हे इतक्या जणांना सांगितलंय की मादाम कास्तेलनाही आता वाटतं, आपण तसं म्हणालो असू.

आणि तुझी लेखणी एलियान गेल्यावर थांबली नाही. एलियान गेल्यावर तू अकरा पानं लिहिलीस. ती थांबली चौदावा अल्बम दुकानात आल्यावर. तू तो दुकानात उभ्या उभ्या उघडला असशील, लेखकाच्या प्रती पोचायच्या आधी. तू तसंच करायचास. आणि शेवटी कुत्रा डॉक्टरची पिशवी घेऊन पळतोय.

पुढच्या महिन्यात तुझं पाकीट आलं, त्यात एक ओळ होती. 'यंदा काही नाही.' मी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगतो. वाटलं, बिचारा दुःखानं आटला. मग मी मोठ्या मनानं गाडं ओढायला घेतलं. त्या मोठ्या मनाचं मला फार कौतुक होतं. पहिल्या पत्रात तू ते पाहिलंच आहेस.

आता संपाचं. त्या आठवड्यात संप होता हे खरं. गुरुवारी गाड्या सुरू झाल्या. एलियानला शनिवारी पुरलं.

मी शनिवारी उत्तरेतल्या एका गावात होतो, मेळ्यात. कबूल केलं होतं म्हणून गेलो असं नाही. फोन केला असता तर त्यांनी सोडलं असतं. तिच्या आजारपणाच्या चार महिन्यांत मी एकदाही आलो नव्हतो, आता शवपेटीपाशी काय तोंड घेऊन उभं राहायचं, हे मला कळेना. टेबलाशी कसं बसायचं हे कळत होतं. दहाला बसलो. रांग दारापर्यंत. आणि त्या दिवशी, का कोण जाणे, सगळ्यांना लूस हवी होती.

तुला माहीत आहे लूस कुणाची आहे. तुमच्या स्वयंपाकघरात, एलियान पावट्याच्या शेंगा सोलत असताना, मी तिला पहिल्यांदा काढली. रुंद कपाळ, एक भुवई किंचित वर. ती म्हणाली होती, "नाक तरी माझं ठेवू नकोस." मी ठेवलं. वीस वर्षं ठेवलं.

त्या शनिवारी मी लूस चौसष्ट वेळा काढली. संयोजक मोजतात, तेच सांगतात कौतुकानं. साडेअकराच्या सुमारास, म्हणजे तुम्ही चर्चमधून निघाला असाल त्या वेळेला, एक भला माणूस वाकून म्हणाला, "साहेब, जरा हसरी काढा ना. बायकोच्या वाढदिवसाला द्यायचीय." मी हसरी काढली. चांगली आली. त्यानं माझ्याशी दोन्ही हातांनी हात मिळवला.

आणि दोन महिन्यांनी तुझं पाकीट आलं. आता मला तू तिला मेलेली काढायला सांगत होतास.

मला जमलं नाही, असं म्हणणं फार सोयीचं होईल. मी प्रयत्नच केला नाही.

परवा मादाम कास्तेलना फोन करून सांगितलं की पंधरा ते एकवीस मी लिहिलेत, तुझं बक्षीस तुझं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुमच्या चित्रांना नावं ठेवून आम्ही तुमच्याच लेखनाची स्तुती करत होतो? मग मिळू दे की तुम्हाला."

मी म्हटलं, नको.

"का नको? संहिता तुमची आहे."

"जागा त्याची होती."

परीक्षकांनी काल बक्षीस नॉंतच्या एका तिशीतल्या मुलीला दिलं. तिनं स्वतःच्या जठराविषयी दोनशे पानं काढली आहेत. मी चाळलं. चांगलं आहे, वाईट म्हणजे खरंच चांगलं आहे. बाविसावा अल्बम मी थांबवलाय. वृत्तपत्रवाले आठवडाभर हसतील, मग त्यांना दुसरं कुणी सापडेल. तुझ्याकडे फोन येतील. तू उचलणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून काळजी करत नाही.

या पत्रासोबत एक जाड पाकीट येईल. कार्डबोर्ड घातलाय, पोस्टमन दुमडणार नाही. त्यात तुझी अकरा पानं आहेत. डिसेंबरपासून काढतोय, तू लिहिली होतीस तशीच, एक शब्द न घालता. तेव्हा वाचताना मला वाटलं होतं की सात आणि आठ या दोन्ही पानांवर तू एकच गोष्ट लिहिलीस, पडाव चालतो, पडाव चालतो, हा माणूस झोपेत लिहितो की काय. काढताना समजलं की आठव्या पानावर दिवस उतरलेला आहे. कालव्याचे दरवाजे संध्याकाळी सातला बंद होतात, पडाव त्याआधी पोचला पाहिजे, म्हणून फिर्मां थांबत नाही. बायको आत निजवलेली आहे आणि तो सुकाणूवर उभा आहे. मग दरवाजावाला विचारतो, "आज बाई दिसत नाहीत?" आणि फिर्मां म्हणतो, "निजल्यात." अकरा पानांत बोलणं एवढंच. मी सात अल्बम लिहिले, त्यांत या दोन वाक्यांच्या तोडीचं काही नाही.

दहावं पान. त्यावर तू फक्त असं लिहिलं होतंस: 'लूसचा चेहरा, पूर्ण पान. तू तिला ओळखतोस, मी वर्णन करत नाही.'

ते पान मी एकोणीस वेळा काढलं. मला ती हसरी येते, रागावलेली येते, शेंगा सोलताना येते. शेवटचे चार महिने ती कशी दिसत होती ते मी पाहिलेलं नाही, आणि तुला विचारायचा अधिकार मी त्या शनिवारी घालवला. म्हणून अंदाजानं काढलंय. भुवई खाली आणलीय. नाक तेच ठेवलंय.

चुकलं असेल तर कळव, पुन्हा काढतो. बरोबर आलं असेल तर काही लिहू नकोस.

तुझा चित्रकार, बाकी काही नाही,
फ्लोरां