हृदय शाबूत, आतडं चिडखोर

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की छातीत कळ येते, तरी वाकलो, हे ध्यानात असू द्या.) तुमचे गुडघे आणि मामीची जीभ कशी आहे? दोन्हींतलं एक तरी नीट चालत असेल.

मी मजेत आहे, म्हणजे मेलेलो नाही. तुमच्या दोस्ताच्या धुलाईखान्यात तीन महिने झाले, छातीत दुखतं, घशात गोटी अडकल्यासारखं होतं. घरी जायला रजा मागितली, तर तुमचा दोस्त, म्हणजे आमचा मुकादम, म्हणे गॅस आहे, ढेकर दे. दिला. (त्याच्या तोंडावर गेला, माझा इलाज नव्हता.) रजा बुडाली.

सोमवारी इस्त्रीच्या यंत्रापाशी कळ अशी आली की खालीच बसलो. मंडळींनी मला धुण्याच्या ढकलगाडीत घातलं आणि दवाखाना समोरच म्हणून रस्त्याने ढकलत नेलं. थंडी वाजू नये म्हणून वर चादर. आता आमच्या लोकांच्या हाती चादर आली की टोकाला टोक लावून ताणायची सवय! डोक्यावरून ताठ बसवली, कडा खोचल्या. रस्त्यात माणसं टोप्या काढायला लागली. एक बाई तर रडली (ओळख ना पाळख, पण मनापासून). मी आतून ओरडलो, अरे, जिवंत आहे मी! तर गाडी ढकलणारा टकल्या म्हणतो, "गप पड, सुरकुत्या पडतात."

डॉक्टरीणबाईंनी छातीची पट्टी (ईसीजी म्हणतात ती) काढली, रक्त काढलं. हृदय ठणठणीत. आतडं चिडखोर आहे म्हणाल्या, आयबीएस. शिवाय आम्ल वर चढतं, म्हणून छाती आणि घसा. आपल्या घराण्यात शांत कोण आहे मामा, की आतड्याने असावं? गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवस घरी जा म्हणून चिठ्ठीही दिली. मुकादमाने ती दोनदा वाचली. "हृदय असतं तर आजच सोडला असता रे. आतड्यापायी माणसं सोडली तर उद्या यंत्रं मी एकटा चालवू?" म्हणजे हृदय चांगलं निघालं, हीच माझी चूक.

असो. घरची आठवण वगैरे मुळीच येत नाही. काळजी नसावी.

तुमचा भाचा

ता. क. : आईला नुसतं अपचन म्हणून सांगा.

आणखी ता. क. : आठवण येते. मुकादम तुमचा शब्द मोडत नाही. त्याला लिहा, पोराच्या आईच्या छातीत दुखतंय, धाडून दे. छातीच लिहा हं, पोटावर तो ऐकायचा नाही.

शेवटचं : आईला आधी पढवून ठेवा. तो खात्री करायला फोन करील, आणि ही म्हणेल, मला काय धाड भरलीय!