टीप आणि उदाहरणामधली जागा

सोमवार, २७ ऑक्टोबर

आले एकदाची वसईला! दोन बॅगा, दिवाळीचा उरलेला चिवडा आणि नोकरीचं पत्र. भुईगावात मार्गारेट आंटींकडे वरची खोली मिळालीय. खिडकीखाली केळीची बाग आणि पलीकडून समुद्राचा आवाज, अजून काय हवं! आंटींनी आल्या आल्या सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, हातावर ठेवली. बॅगा त्यांच्या मुलानं, जॅक्सननं, वर आणल्या. हसरा पोरगा. अर्नाळ्याला बर्फाच्या कारखान्यात मशीनवर असतो. बोटात रोझरीची अंगठी, बारीक दहा मण्यांची. चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीला आईनं दिली, आता बोटातून निघतच नाही म्हणे.

बाबांचा सांगलीहून फोन. तीन महिन्यांत नोकरी पक्की झाली नाही तर परत ये, स्थळं बघायला घेतो. घ्या बघायला! मी काही परत येत नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

ऑफिस वसई पूर्वेला, औद्योगिक वसाहतीत. काम यंत्रांच्या मराठी माहितीपुस्तिकांची मांडणी करायचं. देवेंद्र सरांचा एकच हट्ट आहे. पुस्तिका एका कागदाच्या घडीत बसली पाहिजे, म्हणजे आठ पानं. मजकूर यंत्रवाल्यांचा, त्यातला शब्द हलवायचा नाही. मावत नसेल तर टिपा आणि उदाहरणांच्या ओळी आवळायच्या. टिपा कोण वाचतं, असं त्यांचं म्हणणं.

मला बर्फ फोडायच्या यंत्राची पुस्तिका दिलीय, नवी आवृत्ती. पाचव्या पानावर उदाहरण आहे: बर्फ अडकल्यास जाळी उचलून हाताने मोकळा करावा. त्याखाली टीप: आधी वीज बंद करा. मी दोन्हीकडे ओळींत दीडपट अंतर ठेवलं, मध्ये बोटभर जागा सोडली. काय सुरेख दिसत होतं! पण नववं पान झालं. सर म्हणाले, लग्नपत्रिका छापतेयस का? मग आवळलं सगळं. टीप उदाहरणाला चिकटून त्याचीच शेवटची ओळ वाटायला लागली, पण आठ पानांत बसलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी फाइल उघडली तर टिपेवरची जागा पुन्हा मोकळी! बोटभर. आवळली. जेवून आले तर पुन्हा तेच. बाकीची पानं जशीच्या तशी, फक्त तेवढी एक जागा. अरे, माझ्याशी मस्ती?

छापून बघितलं. कागद नेमका त्या जागी ओला, गारेगार. त्याला मासळीच्या बर्फाचा वास. एसी गळत असेल. एसीला मासळीचा वास कुठून येईल, ते मात्र कळत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. आंटींबरोबर दफनभूमीत गेले. कबरी झेंडूनं भरलेल्या, सगळीकडे मेणबत्त्या. नवऱ्याच्या कबरीवर फुलं वाहून झाल्यावर आंटींनी एक मेणबत्ती कुंपणापाशी वेगळी लावली. कोणाची म्हणून विचारलं. काळूरामची, म्हणाल्या. तो आमच्या धर्मातला नव्हता, पण माझ्या पोराला काम त्यानंच शिकवलं.

पुढचं जॅक्सननं सांगितलं. पावसाळ्यात मशीनमध्ये बर्फ अडकला. काळूराम पुस्तिका बघून करायला गेला. जाळी उचलली, हात घातला. मशीन चालूच होतं. हात मनगटापासून गेला, दवाखान्यात पोचेपर्यंत तोही गेला. बुकात होतं तसंच केलं ना त्यानं, म्हणाला जॅक्सन.

पुस्तिका आमच्याच ऑफिसची. जुनी आवृत्ती. तीच टीप, तशीच चिकटवलेली. आता त्या मशीनवर जॅक्सन आहे. तोच उलट माझी समजूत काढत होता, टेन्शन नको घेऊ ताई, तुझं नवीन बुक आलं की मी त्याच्यात बघूनच करीन.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सरांना सगळं सांगितलं. एक पान वाढवून द्या म्हणून हात जोडले. ते म्हणाले, माणूसच निष्काळजी होता. आज पुस्तिका छापायला गेली नाही तर उद्यापासून येऊ नकोस.

फाइल उघडली. जागा मोकळीच होती. आत काहीतरी पांढरट – बोटाच्या पेरासारखं – टिपेची ओळ खाली रेटत होतं. मी आवळली. ती पुन्हा उघडली. पुन्हा आवळली. डोळ्यांपुढे सांगली, बाबा, स्थळं –

पाठवली. देवा, मी पाठवली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पुस्तिका आज सकाळीच अर्नाळ्याला गेल्या. मला आत्ता कळलं.

फाइल बघितली. जागा बंद. आता कोणी उघडत नाही. याचीच जास्त भीती वाटतेय. का सोडून दिलं काळूरामनं?

जॅक्सन फोन उचलत नाही. कारखान्यातही कोणी –

दुपार

अर्नाळ्याच्या रिक्षात आहे. लिहिलं नाही तर किंचाळेन. रस्ता संपत नाही.

आंटींचा फोन आला – नुसत्या रडतायत – काय झालं ते सांगतच नाहीत –

वही गार पडलीय. त्याच बर्फाचा वास.

ओळी सरकतायत. माझ्याच ओळी. वरच्या वर, खालच्या खाली – मध्ये जागा –

काळूराम, माझं चुकलं – मी सांगते सगळ्यांना – टीप: आधी वीज –

हात आला. मनगटापर्यंतच. ओळ धरून ठेवलीय – कोणाला तरी वाट करून देतोय –

मागून दुसरा. हाही मनगटापर्यंत – कोवळा –

बोटात अंगठी – दहा मण्यां