विकलेल्या मालाची तक्रार

प्रतापनगर, नागपूर
२५ नोव्हेंबर १९८६

चि. चंद्रभान यास रुपरावकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. थंडीनं तुझ्या काकूचे गुडघे धरले आहेत, पण तोंड चालू आहे, तेव्हा काळजी नाही.

बँक सोडून माझ्यासोबत कुकर विकायला येतो म्हणतोस. काकूला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "आता कुठं शेजारणीले मर्चंट बँकिंग सांगाले शिकली, अन् हा सोडतो म्हणते?"

तुझं दुखणं मला कळतं बाबू. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे शेअर बाजारात आणायचे, आणि घेणाऱ्याचं तोंड कधी दिसायचं नाही. "काका, समोर माणूस पाहिजे," असं लिहिलंस. खरं आहे. मी चौथी शिकलेला, पण दारोदार वरण शिजवून दाखवण्यात जन्म काढला. डाळ बोटानं दाबून बाई हसली की माझं पोट भरतं.

पण धंदा लहान आहे. उन्हाळ्यात सायकलीचं हँडल चटके देतं. शिवाय मुलगी द्यायला येतील ते बँक पाहून येतील, कुकर पाहून नाही.

हे सगळं मी दाराबाहेर उभा राहून बोलतो आहे. आत येतो.

दिवाळीत तू हौसेनं माझी पिशवी उचललीस आणि आपण मागच्या गल्लीत सिंधूताईकडे गेलो. नवरा नाही, शिवणकाम करते, एकुलता बळीराम आखाडात घरातून गेला तो परतलाच नाही. हे मीच तुला वाटेत सांगितलं होतं. तिनं डाळ चाखली. म्हणाली, "गोड झाली भाऊ. पण एकटीले काय कराचा कुकर?"

मी उठलो. तू बसून राहिलास. मुंबईत राहून विसरलेली आपली बोली तेव्हा तुला बरोबर आठवली.

"ताई, बळीराम आमच्या बँकेखाली चहाच्या गाडीवर दिसते मले. कपाळावर वण हाये न त्याच्या?"

वण भिंतीवरच्या फोटोत होता. तो मलाही दिसत होता.

"लय वाळला हाये जी तो. घरी आला का त्याले लगेच गरम वरण लागन."

तिनं कुकर पदराखाली घेतला, लेकराला घ्यावा तसा. वाटेत मी विचारलं, खरंच पाहिलास? तू हसलास. "काका, गिऱ्हाईक उठू द्यायचं नसते." तुला इतकं खूश मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी तिला खरं सांगून आलो. तिनं दारातच ऐकलं. "तुमचा पुतण्या एवढ्या मोठ्या बँकेतला साहेब. तो काहून खोटं बोलन, रुपरावभाऊ? तुमालेच कुकर वापस पाहिजे असन."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तिच्या घरून शिट्टी ऐकू येते. दोघांपुरतं शिजवते. एक वाटा गल्लीतल्या कुत्र्याचा. शिट्टी झाली की काकू रेडिओ मोठा करते.

समोरासमोर माणूस खोटं कमी बोलतो, असं मला वाटायचं. तू तर तोंड पाहूनच खोटं कापलंस, शिंप्यासारखं, अगदी मापात. तुझ्यासारखा विकणारा मी पाहिला नाही. म्हणून पिशवी तुझ्या हाती देणार नाही.

पण आपली एक रीत तुला त्या दिवशी सांगितली होती. ज्यानं माल विकला त्यानंच तक्रार ऐकायची. रबर गेलं असो की शिट्टी, तोच जाणार.

मुख्य बातमी इतका वेळ मागे ठेवली. सिंधूताईनं शिवणाचं मशीन विकलं. कुहीहून भावाला, कवडूला, सोबतीला बोलावलं. शनिवारी सकाळी दोघं बोरीबंदरला उतरतील. मी हात जोडले, काकूनं पाय धरले. तिनं फक्त तुझ्या बँकेचा पत्ता मागितला. खोटा देता आला असता, पण आपल्या घरातून एक खोटं गेलं तेवढं पुरे. खरा दिला.

स्टेशनवर जा. चहाच्या गाडीपर्यंत तिला येऊ देऊ नकोस. कवडूच्या आड लपून नाही, तिच्या तोंडाकडे पाहून सांग. ओळखायला अडचण नाही. "तिथंच वरण लावून देतो त्याले," म्हणाली आहे. एवढ्या गर्दीत कुकर छातीशी धरून उतरणारी बाई एकच असेल.

तेवढं जमलं नाही तर बँकेतच राहा. तिथे तोंडं दिसत नाहीत.

आज शिट्टी झाली नाही. कुकर गाठोड्यात बांधला गेला. काकूनं सवयीनं रेडिओ मोठा केला आणि मग उठून बंद केला.

तक्रार येते आहे, बाबू. ऐकून घे.

तुझाच,
रुपरावकाका