साक्षीदार स्वतःहून येणार नाही

मारेगाव,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीत धरतो, तरी ती कापूस वेचायला जातेच. मी काही बोललो की ऐकू न आल्यासारखं करते. तूर यंदा चांगली आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आठवडाभरात तुला तहसील कचेरीचं समन्स मिळेल. घाबरू नकोस, ते मीच काढायला लावलंय.

झालं असं, की शेजारचं वावर आपल्या गावच्या अमरनं विकत घेतलं आणि बोरीजवळून जाणारी आपली वाट तार ठोकून बंद केली. म्हणतो, इथे वाट कधी नव्हतीच. मी तहसीलदारांकडे अर्ज केला. जुनी वहिवाट सिद्ध करायची तर साक्षीदार लागतात. शाळेच्या सुट्टीत रोज त्या वाटेनं माझी भाकर कोण आणायचं? तूच. बोरं खात बसायचीस आणि भाकर गार करून आणायचीस. मी रागवायचो. खरं तर तुला उशीर झाला की मी दहादा वावराच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन बघायचो.

समन्ससाठी तुझा पत्ता हवा होता. तुझ्या आईला विचारला, तर तिनं वणीचा पत्ता पिनकोडासकट तोंडपाठ सांगितला. सात वर्षांत मी विचारला नाही, म्हणून तिनंही सांगितला नव्हता.

कचेरीतल्या विमलताई अर्ज वाचून म्हणाल्या, "पोरगी तुमचीच हाये न काका? मंग समन्स कायले? फोन लावा न." मी अर्ज पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. मग त्यांनीच रकाना दाखवला, समन्स मागण्याचं कारण. मी लिहिलं, 'साक्षीदार स्वतःहून येणार नाही.' या चार शब्दांना मला अर्धा तास लागला.

आता खरं सांगतो. तुझ्या साक्षीची गरजच नाही. त्याच वाटेनं गवताला जाणाऱ्या रामीबाईनं बयान दिलंय, जुन्या नकाशातही वाट आहे. गुरुवारच्या सुनावणीत तहसीलदार म्हणाले, एवढं पुरे. तुला समन्स काढाच म्हणून मी तरी अडून बसलो. तेव्हा अमर उठला. "साहेब, ह्या वाटेवरून काकानं कोणाले वापस धाडलं, ते बी विचारा."

साहेबांनी विचारलं. मी शपथेवर होतो. म्हणालो, "माह्या पोरीले. जावयासंगं आलती."

वावरात माझा राग कमी असतो हे तुला ठाऊक होतं. म्हणून लग्नानंतरच्या त्या दिवाळीत तू शामला घेऊन, घरी न जाता, थेट वावराकडे निघालीस. आणि मी बोरीखाली आडवा उभा राहून म्हणालो, या वाटेनं पुन्हा यायचं नाही. तांड्यावरचा जावई मला चालत नव्हता. त्याला जावई म्हटलं ते गुरुवारी, पहिल्यांदा, तेही शपथ घातल्यावर. लिपिकानं ते सगळं माझ्या बयानात उतरवलं, वाचून दाखवलं, आणि बरोबर आहे म्हणून मी सही केली. मग साहेबांनी समन्सवर सही केली.

तारीख मंगळवार, २८ जानेवारी, सकाळी अकरा. नाही आलीस तर तुला काही होणार नाही, मी विचारून घेतलंय. अमरची तार नाही निघाली तर मी लांबच्या फेऱ्यानं जाईन, त्याचं मला फारसं काही नाही. पण बोरं पिकून तारेपलीकडे पडताहेत पोरी, आणि मला तुझी फार आठवण येते.

समन्सवर 'हजर राहावे' असं छापलेलं आहे. तसं लिहायचा हक्क मला उरलेला नाही. मी फक्त विचारतो, येशील का? शामलाही आण.

बोरीखाली जो आडवा उभा राहिला होता तोच,
तुझा बाबा