पाद्रीबुवांची हॅट

काटवाइक, हॉलंड, ६ ऑक्टोबर १९३६

चि. आरयेन यास आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र शेजारची नील्त्ये लिहून घेते आहे. जाळी सांधून तिची बोटं सोलली आहेत, तेव्हा अक्षराला हसू नकोस. मला तर अक्षर कशाशी खातात तेही ठाऊक नाही.

तू हेरिंग मासळीच्या बोटीवर जाणार म्हणे? समुद्राने तुझे आजोबा नेले, तुझा बाप नेला. म्हणून तुला लायडनच्या विद्यापीठात पुस्तकांत नेऊन बसवलं, तर तू पुस्तकंही समुद्राचीच धरलीस. तेही चालवून घेतलं. कागदावरच्या पाण्यात कोणी बुडत नाही. पण बोटीवर? लहानपणी कालव्यातल्या नावेत बसून आलास आणि नील्त्येच्या धुतलेल्या पायरीवर काय केलंस, ते लिहायला ती नाही म्हणते.

थट्टा पुरे. जाऊ नकोस रे.

पेपरमिंट पाठवते. चर्चच्या प्रवचनात चघळ, बोटीवर नको.

तुझी,
आजी

आयमाउडेन, ९ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत झाली. समुद्रात हरवलेला माणूस कायद्याने मेला कधी म्हणायचा, यावर मी इतकी वर्षं घालवली. तर निवड समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, बोटीवर किती दिवस काढलेत? एकही नाही म्हणालो. सगळे हसले. आजी, आपल्या गावचा माणूस आणि एकही नाही! एकच फेरी करतो. डेकवरची भांडणं कप्तान कशी मिटवतो, तेही बघायचं आहे.

निकाल मी समुद्रावर असतानाच लागेल. तुला वाचता येत नाही, म्हणून विद्यापीठाला पाद्रीबुवांचा पत्ता दिला आहे. ते घरी येऊन सांगतील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आरयेन

काटवाइक, २९ ऑक्टोबर

चि. आरयेन यास अ. उ. आ.

हे पत्र आयमाउडेनच्या धक्क्यावर पाठवते. परत आलास की मिळेल. आलास की.

मंगळवारी वादळ झालं. बाकीच्या बोटी आल्या, तुमची नाही. कोणी म्हणतं शिडाची काठी मोडलेली दिसली, कोणी म्हणतं काहीच दिसलं नाही.

आज सकाळी पाद्रीबुवा आमच्या गल्लीत शिरले. काळा कोट, काळी हॅट. रविवार सोडून ते तसे गल्लीत येतात ते कोणाचा माणूस बुडाला हे सांगायलाच, हे तुला मी सांगायला हवं? बायका दारात थिजल्या. जिच्या दारावरून ते पुढे सरकत, तिचा जीव भांड्यात पडे. ते माझ्या दाराशी थांबले.

मी कडी घातली. ते सांगत नाहीत तोवर तू आहेस, एवढंच डोक्यात होतं. ते दार वाजवत राहिले, मी बटाटे सोलत राहिले. सोललेलेच पुन्हा सोलले. शेवटी नील्त्येने कुंपणावरून ओरडून विचारलं, अहो, काय ते एकदा बोला. ते म्हणाले, तार आली आहे, आरयेन प्राध्यापक झाला. आणि बोट? बोटीचं त्यांना काही माहीत नव्हतं.

अरे शहाण्या, याच गल्लीत वाढलास आणि पत्ता पाद्रीबुवांचा दिलास? तुझ्या कायद्याला माणूस मेला म्हणायला वर्षं लागतात. आम्हाला एक हॅट पुरते.

मी दाराआडूनच त्यांना ठणकावलं, यापुढे बातमी चांगली असेल तर बोडक्या डोक्याने या. ते बरं म्हणाले. चांगला माणूस आहे, पण टक्कल फार.

खुर्ची मिळाली तुला. बसायला ये.

तुझी,
आजी

लोस्टॉफ्ट, इंग्लंड, ३१ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

जिवंत आहे. सगळे जिवंत आहेत. सुकाणू मोडलं, दोन रात्री नुसते वाहत होतो. इंग्रजांच्या बोटीने दोर टाकून इथे ओढत आणलं. मला ओकाऱ्यांतून भीती वाटायलाही उसंत नव्हती. भीती आता वाटते आहे, कोरड्या पलंगावर. कठडा धरून धरून बोटं सोलली आहेत, म्हणून अक्षर नील्त्येसारखं.

पाद्रीबुवांना तार केली आहे. दुसरा पत्ता सुचलाच नाही.

सुकाणू दुरुस्त झालं की निघतो. तोवर मला समुद्राचा नाही, तुझाच समज.

आरयेन

काटवाइक, ३ नोव्हेंबर

चि. आरयेन यास अ. उ. आ.

अक्षरावरून नील्त्ये रुसली आहे, तरी लिहिते आहे.

शनिवारी दुपारी पाद्रीबुवा गल्लीत शिरले. धो धो पाऊस. मी पडद्याआडून बघत होते. हॅट काखेत दाबलेली, टकलावरून पाणी ओघळत कॉलरमध्ये जातंय. चेहरा मी पाहिलाच नाही. त्यांनी हात वर करण्याआधीच दार उघडलं. बिचारे आता सर्दीने पडले आहेत. कांद्याचं सूप पोचवलं.

तू येशील, खुर्चीवर बसशील. बोट मात्र सोमवारी पुन्हा जाणार. समोरच्या यानच्येचा नवरा त्याच बोटीवर आहे. यानच्ये आतापासूनच खिडकीत बसते, आणि पाद्रीबुवा नाक्यावर दिसले की आधी त्यांचं डोकं बघते. सगळी गल्लीच बघते. हा बोडक्या डोक्याचा कायदा कोणत्या राजाने केला, असं तुझ्या वर्गातल्या पोरांनी विचारलं तर सांग, बटाटे सोलणाऱ्या एका म्हातारीने, कडी लावून.

लवकर ये, आणि येताना टोपी घालू नकोस.

तुझी,
आजी