सासूबाईंचा ओटा

मंगळवार, ता. १४ नोव्हेंबर १९११

आमची आळी रुंद होणार. उन्हाळ्यात आग लागली तेव्हा पाण्याची गाडी आळीच्या तोंडाशीच अडकली होती, म्हणून. एका बाजूचे ओटे जातील — आमचे किंवा समोरचे. कोणते, ते आळीनंच ठरवावं, असं पुण्याहून आलेले ओव्हरसियर सांगून गेले.

आमचा ओटा गेला तर सासूबाई बसतील कुठं? गुडघे गेले, कानही गेले. रोज सकाळी हात धरून मी त्यांना तिथं बसवते. येणारं-जाणारं दिसतं. तेवढीच त्यांची करमणूक. देवा, एवढा ओटा राहू दे.

बुधवार, ता. १५

पुरुषांची सभा झाली. हे घसा बसवून परत आले. शेजारचे चांदमलजी म्हणाले, आग समोरून लागली, ओटे समोरचेच काढा. समोरचे कुंडलिकराव म्हणाले, "लागली आमच्याकडं, पर इझवाया कोन आलं? तुमी तर दुकानाला कुलपं घालीत व्हता." शेवटी एकमत झालं — पुन्हा सभा भरवावी.

शनिवार, ता. १८

काल ओव्हरसियरांनी कंटाळून स्वतःच चुन्याची रेघ ओढली, नमुन्यादाखल. ती नेमकी आमच्या ओट्यावरून!

सकाळी झाडताना पाहिलं तर चांगला चाळलेला चुना. पायदळी कशाला जायला हवा? सुपात भरून घेतला, स्वयंपाकघराच्या भिंतीला होईल. वहीत जमेला लिहिला. माझं पाहून चांदमलजींच्या झमकूबाईंनीही भरला. उरल्यासुरल्यावर समोरच्या बायकांचा शेणसडा पडला.

ओव्हरसियर आले. "रेघ कुठं गेली?"

कुंडलिकरावांची साळुबाई पुढं झाली. "सडा घालाया नगं का, रावसाहेब? तुमच्या घरी घालीत न्हाईत व्हय?"

ओव्हरसियरांनी चुन्याचं घमेलं आम्हा बायकांपुढं ठेवलं. "मग तुम्हीच ओढा. सोमवारी येऊन बघतो."

रविवार, ता. १९

दुपारी रेघ ओढली. प्रत्येकीनं आपापल्या ओट्याला वळसा घातला. झमकूबाईंची रेघ तर समोरच्या गटारात उतरली. साळुबाई म्हणाली, "ही आळी हाय का वढा?" पुसली, परत ओढली, परत पुसली. चुना वाया जाताना बघवेना.

शेवटी सगळ्या आमच्या ओट्यापाशी येऊन थांबल्या. सासूबाई तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून सामायिकाला बसलेल्या. आम्हा जैनांच्या या दोन घटकांच्या ध्यानात संसाराचं बोलायचं नाही. त्यांनी रेघेकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि जोरजोरात हात हलवला. डोळ्यांत पाणी.

"हात लावू नका म्हणतात," मी सांगितलं.

साळुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "म्हातारीच्या बुडाखालचा वटा काडून आमी कुठं फेडायचं? जाऊ द्या आमच्या बाजूचं. पयला आमचा." आणि घमेलं उचलून आपल्याच ओट्यावरून सरळ रेघ ओढत गेली. समोरच्या बाकीच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत.

मंगळवार, ता. २१

कालपासून समोरचे ओटे फोडतायत. साळुबाईकडं बुंदीचे लाडू पाठवले, साजूक तुपातले. हे डब्याकडं बघतच राहिले. मी लाडवात साजूक तूप वापरलेलं त्यांनी लग्नापासून पाहिलेलं नाही.

धूळ फार, म्हणून दोन दिवस सासूबाईंना आत चुलीपाशीच बसवलं. माझ्या फोडणीत खोड्या काढतात, पण खुशीत आहेत. ओटा वाचला ना!

गुरुवार, ता. २३

धूळ बसली. सासूबाईंना हात धरून बाहेर नेलं. उंबऱ्यातच अडल्या.

"हा अजून इथंच? काढा, काढा म्हणून हातानं सांगत होते ना मी? किती वर्षं इथं धूळ खाऊ, सूनबाई? चुलीपाशी बरी होते मी."

समोर साळुबाई ओट्याच्या जागी पाट टाकून बसली होती. हसून म्हणाली, "बसा, म्हातारे, बसा निवांत."

मी सासूबाईंना बसवलं.