बोलणं मागून येतं

प्रिय ठमे,

केस कापल्यापासून तू आईशी अबोला धरला आहेस म्हणे. मी तिथे असते तर आगीत तेल ओतलं असतं.

आपल्या शाळेतल्या बाई आठवतात? परकी भाषा म्हणजे रूपं घोकायची, धड्याचं भाषांतर करायचं, चुकलं की बाकावर उभं राहायचं. इतकं शिकून मला साधं पाणी मागता येत नव्हतं. कॉलेजात कळलं, मध्ये टेप ऐकून पोपटासारखं म्हणण्याचाही एक काळ होता. मग एक पद्धत अशी आली की मी हरखूनच गेले. बाळाला आधी समजतं, मग ते बोलतं, तसं शिकवायचं. शिक्षिकेने हुकूम द्यायचा, मुलींनी न बोलता तसं करायचं. भीती जाते, बोलणं मागून आपोआप येतं. त्याच पद्धतीसाठी मला इथे, मुलींना परदेशी कामाला पाठवणाऱ्या या संस्थेत घेतलं. घरातली पहिली पदवीधर, आणि लोकांची भीती घालवायची नोकरी! केवढी मिरवले मी.

वर्गात मजा असते. ऊठ, दार लाव, फरशी पूस, खाली बघ. मुली खिदळत करतात. पण बोलण्याचा टप्पा आला, की तुकडी परदेशी कामावर रवाना. दर वेळी. लांब वेणीवाल्या एका मुलीने निघताना विचारलं, “बाई, ‘नको’ला काय म्हणायचं?” दारातून संचालकच म्हणाले, “तिथे लागत नाही गं.” सगळ्या हसल्या.

तिचा फोन लागत नाही. तिची आई फाटकाशी येऊन बसते. मी नव्या तुकडीला बोलायला शिकवू लागले, तर संचालक मागच्या बाकावर येऊन बसायला लागले. फार गोड माणूस. घरी कोण कोण असतं, विचारतात. धाकटी बहीण आहे, हे मी सांगितलं नव्हतं. तेच म्हणाले.

रविवारी बाबांनी फोन केला, नेहमीसारखा स्पीकरवर. माझे संचालक साहेब स्वतः घरी आलेत, तुला फुकट शिकवून परदेशी पाठवणार, तुझी कागदपत्रंही घेतली. बाबांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. शेजारी चहाचा घोट घेतल्याचं ऐकू आलं. मी “छान” एवढंच म्हणाले. म्हणून हे पत्र, मावशीच्या हाती. वाचलंस की आत्याकडे निघून जा, बाबांना तिथून कळव. सोमवारी तुला न्यायला गाडी येईल. तिच्यात त्यांनी मलाही बसवलेलं असेल, मी हसून तुला हात करेन. तरी बसू नकोस.

तुझीच,
ताई